क्यू आला, यू नाही: स्क्रॅबलसाठी इंग्रजी शब्द अक्षरांच्या गटाने कसे शिकायचे

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल बोर्डावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. त्याला नव्याने बसणाऱ्याला वाटतं, इंग्रजी चांगलं असलं की झालं. मग रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल मांडायच्या पट्टीवर, क्यू येतो, यू काही येत नाही, आणि इतकी वर्षं वाचून कमावलेलं इंग्रजी अडून बसतं. बोलताना आपल्याला आधी अर्थ सुचतो आणि मागून शब्द येतो. इथे आधी सात अक्षरं समोर येतात आणि त्यांतून शब्द काढायचा असतो. म्हणून शब्द शिकायचे तेही अक्षरांच्या गटाने: क्यूचे एकत्र, झेडचे एकत्र, बी-एच आणि डी-एचचे एकत्र. अर्थ मात्र प्रत्येकाचा माहीत हवा, कारण अर्थाविना घोकलेला शब्द चार दिवसांत उडून जातो. आणि अर्थाच्या बाबतीत मराठी माणसाचं निम्मं काम आधीच झालेलं आहे. अवघड अक्षरांचे कितीतरी शब्द आपल्या स्वयंपाकघरातले, शेतातले नि कचेरीतलेच आहेत.

या लेखात इंग्रजी शब्दांची अक्षरं सुटी करून लिहिली आहेत. बोर्डावर स्पेलिंगच मोजलं जातं, तेव्हा डोळ्यांना पहिल्यापासून तीच सवय लागलेली बरी.

पहिली पायरी: यादी कोणती ते ठरवा

शब्द चालतो की नाही हे घरातला शब्दकोश ठरवत नाही, खेळाची ठरलेली यादी ठरवते. अशा दोन मोठ्या याद्या आहेत. ब्रिटन, भारत आणि जगातल्या बहुतेक देशांत कॉलिन्सची यादी चालते. अमेरिका आणि कॅनडात वेगळी. कॉलिन्समध्ये दोन अक्षरी शब्द १२७ आहेत, अमेरिकी यादीत १०७. हा वीस शब्दांचा फरक अगदी नको तेव्हा आडवा येतो. झेड-ओ हा शब्द कॉलिन्समध्ये आहे, अमेरिकी यादीत नाही. फोनवरच्या ॲपमध्ये कुठली यादी निवडली आहे ते सेटिंगमध्ये आधी बघून घ्या. ॲपवर एका यादीने सराव आणि बोर्डावर दुसऱ्या यादीने खेळ असं झालं की भांडणं होतात. या लेखातले शब्द कॉलिन्सचे आहेत.

घरी किंवा सोसायटीत खेळताना पहिली टाइल काढण्यापूर्वी तीन गोष्टी बोलून घ्या: यादी कोणती, फोन फक्त चॅलेंज (समोरच्याचा शब्द यादीत नाही असा आक्षेप) झाल्यावरच उघडायचा की कसं, आणि चुकीच्या चॅलेंजला दंड किती. सगळेच नवे असतील तर दंड ठेवू नका. चॅलेंज करायला लोक घाबरले की खोटे शब्द बोर्डावर राहतात आणि पुढे तेच पाठ होतात.

दुसरी पायरी: पिशवीत काय आहे ते ओळखा

टाइल १००. त्यांत ९८ अक्षरं आणि २ कोऱ्या, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या. ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८; एन, आर, टी ६-६; एल, एस, यू, डी ४-४; जी ३; बी, सी, एम, पी, एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय २-२; के, जे, एक्स, क्यू, झेड एकेकच. क्यू आणि झेडला १० गुण, जे आणि एक्सला ८, केला ५. जुना सेट असेल तर पिशवी ओतून एकदा मोजा. एखादा ई हरवलेला असेल तर डाव तरीही होतो. एस किंवा कोरी टाइल हरवली असेल तर होत नाही.

या आकड्यांमधून एक गोष्ट लगेच कळते. यू फक्त चार आहेत. क्यू हातात धरून यूची वाट बघत बसणारा खेळाडू पाच-सहा चाली सहा टाइलवर खेळतो, आणि नवखे सर्वाधिक गुण इथेच घालवतात.

तिसरी पायरी: दोन अक्षरी शब्द, जड अक्षरांपासून

१२७ शब्द ऐकून घाबरू नका. त्यांतले बरेच तुम्ही रोज वापरता. रोज वीस घेतले तर आठवड्यात होतात. यादी ए पासून झेडपर्यंत मात्र घोकू नका. तशी घोकली की डावात एक शब्द आठवायला सगळी यादी म्हणावी लागते. जड अक्षरांपासून सुरुवात करा.

क्यूचा दोन अक्षरी शब्द एकच: क्यू-आय. चिनी विचारातली जीवनशक्ती, आपण प्राण म्हणतो त्याच्या जवळची. पुढे एस लागतो. झेडचे तीन: झेड-ए म्हणजे पिझ्झाचं बोलीतलं छोटं नाव, झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून झालेलं हिमालयातलं जनावर, झेड-ई हे स्त्री-पुरुष भेद न करणारं सर्वनाम. जेचे दोन: जे-ए म्हणजे हो, जे-ओ म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत प्रिय व्यक्ती. एक्स सगळ्यांत उदार आहे: ए-एक्स कुऱ्हाड, ई-एक्स पूर्वीचा जोडीदार, ओ-एक्स बैल, एक्स-आय ग्रीक अक्षर, एक्स-यू व्हिएतनामचं नाणं. पाचपैकी तीन शब्दांत एक्स शेवटी येतो आणि दोनांत आधी, म्हणून त्याला जागा हमखास सापडते. व्हीचा दोन अक्षरी शब्द एकही नाही. हेही पाठच हवं, कारण व्हीच्या शेजारी समांतर शब्द लावता येत नाही आणि बोर्डाचा तेवढा कोपरा बंद होतो.

हे एवढेसे शब्द इतके मोलाचे का, ते एका चालीत बघा. बोर्डावर एक आय आहे. त्याच्या डोक्यावरचं घर गडद निळं, म्हणजे अक्षराला तिप्पट देणारं, आणि रिकामं. आजूबाजूलाही काही नाही. त्या निळ्या घरात क्यू ठेवा आणि क्यूच्या उजवीकडे तुमच्या हातातला आय. उभा शब्द क्यू-आय, आडवा शब्दही क्यू-आय. क्यूचे १० तिप्पट होऊन दोन्ही शब्दांत मोजले जातात: ३१ अधिक ३१, म्हणजे ६२. दोन टाइलमध्ये. सातही टाइल एका चालीत लावल्या तर मिळणारा बोनस ५० असतो, यावरून अंदाज घ्या. निळ्या घराचा लाभ टाइल पहिल्यांदा ठेवली जाते तेव्हाच मिळतो. नंतर त्या क्यूला कुणी शब्द जोडला तर त्याला साधे १०च.

चौथी पायरी: यू नसलेले क्यूचे शब्द

अरबी-फारसीतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांत क्यू यूशिवाय येतो, आणि त्यांतले बरेच मराठीला जुने ओळखीचे. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी. एफ-ए-क्यू-आय-आर फकीर. टी-ए-एल-ए-क्यू तलाक. एन-आय-क्यू-ए-बी नकाब. डब्ल्यू-ए-क्यू-एफ वक्फ, चारच अक्षरं, पण मूळ गुण १९, म्हणजे शब्दाला दुप्पट देणाऱ्या गुलाबी घरावरून गेला तर ३८. बी-यू-आर-क्यू-ए बुरखा, या शब्दात यू आहे, पण क्यूच्या आधी.

क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय ही कव्वाली. सात अक्षरं, मूळ गुण २२, आणि पिशवीतले दोन्ही डब्ल्यू लागतात, म्हणून ती क्वचितच जमते. एक डब्ल्यू बोर्डावर गेलेला दिसला की तिचा नाद सोडा. (कोरी टाइल हातात असेल तरच थांबा.)

अर्थाने अनोळखी, पण वारंवार उपयोगी पडणारे दोन. क्यू-ए-टी ही येमेनकडे चघळली जाणारी पानं. हाच शब्द के-ए-टी आणि के-एच-ए-टी असाही चालतो. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी वस्तीपर्यंत आणणारा भूमिगत बोगदा, इराणकडचा. कात्रजच्या तलावातून पुणे शहरात पाणी आणणारी पेशवेकालीन भूमिगत वाहिनी आठवली की अर्थ पक्का बसतो.

पाचवी पायरी: एचचे जोडगट, आपलं घरचं मैदान

इंग्रजी शब्दांत बी-एच, डी-एच, जी-एच, के-एच अशी सुरुवात फार थोडी. जी आहे त्यातली पुष्कळशी भारतातून गेलेली, कंपनीच्या काळातल्या कचेऱ्या-छावण्यांमधून आणि अलीकडे ब्रिटनमधल्या भारतीय हॉटेलांच्या मेनूकार्डांवरून. ख, घ, ध, भ आपल्या कानात मुळातच वेगळे असल्यामुळे हे शब्द आपल्याला दिसतात. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला घोकावे लागतात.

जी-एच: जी-एच-आय आणि जी-एच-ई-ई, दोन्ही तूप. जी-एच-ए-टी घाट. जी-एच-ई-आर-ए-ओ घेराव, हा क्रियापद म्हणूनही चालतो, म्हणजे पुढे ई-डी किंवा आय-एन-जी लावता येतं. जी-एच-ए-आर-आय-ए-एल म्हणजे घडियाल, लांब अरुंद जबड्याची सुसर.

डी-एच: डाळीची तर चार स्पेलिंगं चालतात, डी-ए-एल, डी-ए-ए-एल, डी-ए-एच-एल आणि डी-एच-ए-एल. हातात ए जास्त असला तर दुसरं, एच खपवायचा असला तर चौथं. डी-एच-ओ-टी-आय धोतर, डी-एच-ओ-बी-आय धोबी, डी-एच-ओ-एल ढोल. त्याला ई जोडला की रानकुत्रा, आपला कोळसून. डी-एच-ए-के पळसाचं झाड. डी-एच-ए-आर-एन-ए धरणं, सत्याग्रहातलं.

के-एच: के-एच-ए-डी-आय खादी, १३ गुण. के-एच-ए-आर-आय-एफ खरीप, १६ गुण. के-एच-ई-डी-ए म्हणजे हत्ती पकडायचा खेडा.

बी-एच: बी-एच-ए-जे-आय भजी, जेमुळे थेट १७ गुण. बी-एच-ए-एन-जी भांग. बी-एच-ए-के-टी-आय भक्ती. बी-एच-ए-आर-ए-एल हिमालयातली निळी मेंढी.

शेवटी के-एच येणारा एल-ए-के-एच म्हणजे लाख, ११ गुण. एल-ए-सी असंही चालतं. कोटीला सी-आर-ओ-आर-ई.

आता धोका. आपला शब्द दिसला म्हणजे तो यादीत आहेच असं मुळीच नाही. पिठलं आणि थालीपीठ तिथे सापडणार नाही. आणि यादीत असलेला प्रत्येक ओळखीचा चेहराही आपला नसतो. बी-एच-ए-टी म्हणजे भट नाही की भात नाही. ते थायलंडचं चलन. के-एच-ई-टी हे शेत नव्हे, हिब्रू अक्षर. रब्बी हंगाम हवा असेल तर आर-ए-बी-आय, एकच बी. दोन बी घातले की ज्यूंचा धर्मगुरू होतो. दोन्ही शब्द वैध आहेत, पण हातात एकच बी असताना दुसऱ्याच्या मागे लागून चाल सोडणारे पुष्कळ. पी-यू-एन-ई हे शहराचं नाव, विशेषनाम, म्हणून चालत नाही. शेवटी ए ठेवलात तर चालतं: पी-यू-एन-ए म्हणजे अँडीज पर्वतातलं उजाड, थंड पठार.

अनेकवचनाकडेही लक्ष द्या. टी-ए-जे, आर-ए-जे आणि एच-ए-जे, म्हणजे टोपी, राज्य आणि हज यात्रा, यांना नुसता एस लागत नाही, ई-एस लागतो. अनुभवी प्रतिस्पर्धी याच जागी टपून असतो.

सहावी पायरी: पुढे-मागे एक अक्षर

तयार शब्दाला एक टाइल चिकटवून नवा शब्द होतो, आणि त्याच टाइलवरून तुमचा दुसरा शब्द आडवा जातो. म्हणून प्रत्येक शब्द शिकताना त्याच्या डोक्याला आणि शेपटीला काय लागतं तेही शिका.

एच-ए-टी घ्या, साधी टोपी. सुरुवातीला बी लावा, थायलंडचं चलन. सी लावा, गप्पा. जी, घाट. के, येमेनची पानं. पी, बोलीत झकास. टी आणि डब्ल्यू लावून होणारे शब्द तर पहिलीतलं मूलही सांगेल. शेवटी लागतात एस, ई किंवा एच. एच लावून होतो एच-ए-टी-एच, जुन्या इंग्रजीतला. त्याला पुन्हा ए लावला की एच-ए-टी-एच-ए, हठयोगातला हठ. बोर्डावर टोपी पडली आणि तिच्या आधीचं घर लाल (शब्दाला तिप्पट देणाऱ्या) घरांच्या रेषेवर उघडं असलं तर ही अक्षरं ज्याला माहीत आहेत तो ती जागा घेतो. नसतील तर ती जागा आपण प्रतिस्पर्ध्याला उघडून दिली, हेही नवख्याच्या लक्षात येत नाही.

एसच्या चारच टाइल आहेत. एका एसमुळे निदान आठ-दहा गुण जादा मिळत नसतील तर तो राखून ठेवा.

सातवी पायरी: कार्डं करा

पुण्यात अप्पा बळवंत चौकात कोऱ्या कार्डांचे गठ्ठे मिळतात, शंभर पुरतात. कार्डाच्या दर्शनी बाजूला शब्द लिहू नका. त्याची अक्षरं वर्णानुक्रमे लावून लिहा. मागच्या बाजूला त्या अक्षरांतून होणारे सगळे शब्द, प्रत्येकासमोर मराठीत एका ओळीचा अर्थ, आणि पुढे-मागे लागणारी अक्षरं. रॅकवर अक्षरं अशीच विस्कटलेली येतात, म्हणून सरावही विस्कटलेल्याचाच हवा.

एक कार्ड नमुन्याला. दर्शनी बाजू: ए-एच-आय-एल-टी. मागे: एल-ए-टी-एच-आय लाठी, टी-एच-ए-एल-आय थाळी, एल-ए-आय-टी-एच, स्कॉट बोलीत नाखूश. आता त्यात एस टाका. लाठ्या झाल्या, थाळ्या झाल्या, टी-ए-एच-एस-आय-एल तहसील झाली, आणि एल-ए-टी-आय-एस-एच, म्हणजे थोडंसं उशिरा, हाही निघाला. एका कार्डावर सहा-सात शब्द आणि त्यांतले बहुतेक जन्मापासून माहीत असलेले.

दुसरं: ए-ए-आय-आर-टी. आर-ए-आय-टी-ए म्हणजे रायतं. त्याच अक्षरांत टी-आय-ए-आर-ए मुकुट, ए-टी-आर-आय-ए म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, आणि आर-आय-ए-टी-ए म्हणजे जनावर पकडायचा फासाचा दोर. स्वरांनी भरलेला रॅक गळ्यात पडला की हे कार्ड कामाला येतं. तिसरं, सोपं: आय-ओ-आर-टी. पोळी, दंगल आणि त्रिकूट तिन्ही त्यात आहेत. स्पेलिंगं तुम्हीच काढा.

रोज नवी दहा कार्डं, त्याहून जास्त नाही. तीन गठ्ठे करा. पहिला रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या गठ्ठ्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. वनाजहून रामवाडीला मेट्रोने निघालात तर उतरेपर्यंत एक गठ्ठा सहज होतो. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर झिझिव्हा नावाचा प्रोग्राम खेळाडू वापरतात. त्यात प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं. डी-एच आणि पुढे तारा असं दिलं की डी-एचचा सगळा गट समोर येतो. पण तिथली लांबलचक यादी बघून समाधान मानू नका. हाताने कार्ड लिहिताना स्पेलिंग एकदा डोळ्यांखालून जातं, आणि ए-ए की ए, एच आधी की नंतर, हे तिथेच पक्कं होतं.

शेवटच्या दहा टाइल

पिशवीत सातपेक्षा कमी टाइल उरल्या की टाइल बदलून घेता येत नाहीत. म्हणून क्यू, झेड किंवा व्ही हातात असेल तर निर्णय त्याआधी घ्या. बोर्डावर नजर टाकून तीन गोष्टी तपासा: उघडा आय कुठे शिल्लक आहे का, चारपैकी किती यू पडले, कोऱ्या टाइल गेल्या का. आय उघडा नसेल आणि तीन यू पडलेले असतील तर क्यू परत करा आणि एक चाल जाऊ द्या. क्यू हातात राहिला आणि समोरच्याने आधी टाइल संपवल्या तर तुमचे १० कापले जातात आणि तेच १० त्याच्या गुणांत मिळवले जातात. फरक २० गुणांचा पडतो, आणि बरोबरीने चाललेला डाव एवढ्यात फिरतो. उलट क्यू समोरच्याकडे अडकला आहे असा अंदाज आला, तर उघड्या आयच्या वरचं आणि डावीकडचं घर तुमच्या कुठल्याही साध्या टाइलने भरून टाका.